रयतेच्या कॉलेजचा हिशेब

१८८२ साली हंटर शिक्षण आयोगापुढे दिलेल्या निवेदनात जोतीराव फुल्यांनी एक हिशेब मांडला होता. सरकारच्या तिजोरीत जमा होणारा महसूल मुख्यतः शेतकऱ्याच्या घामातून येतो, आणि शिक्षणावर होणारा खर्च मात्र वरच्या वर्गांच्या मुलांच्या पदरात पडतो. कोणाच्या पैशावर कोण शिकतो, असा तो प्रश्न होता. बहुजनांच्या कॉलेजांचा महाराष्ट्रातला इतिहास मी या निवेदनापासून मोजतो, कारण एखादे कॉलेज लोकांचे आहे की नाही हे तपासायला याहून चांगली कसोटी अजून सापडलेली नाही.

आज बहुतेक कॉलेजांच्या दर्शनी भिंतीवर ध्येय, दृष्टी आणि मूल्ये यांचे फलक असतात. त्यांवरचे शब्द चांगलेच असतात: समता, गुणवत्ता, सर्वांगीण विकास. पण ध्येय कळते ते संस्थेने आपला पहिला रुपया कशावर खर्च केला यावरून. म्हणून रयत शिक्षण संस्थेची जन्मकथा पुन्हा एकदा बारकाईने पाहिली पाहिजे. जयंतीच्या भाषणांनी ती गुळगुळीत झाली आहे, आणि तिच्यातली धार नजरेआड गेली आहे.

रयतचे संस्थापक भाऊराव पाटील यांचा जन्म १८८७ साली कुंभोजला झाला. कोल्हापुरात शिकताना ते जैन बोर्डिंगात राहिले आणि शाहू महाराजांच्या कामाचा ठसा त्यांच्यावर कायमचा उमटला. पुढे किर्लोस्करांच्या नांगरांची विक्री करत ते खेडोपाडी फिरले. नांगर घेणाऱ्या शेतकऱ्याचा मुलगा शाळेत का जात नाही, हे त्यांना कोणत्याही अहवालातून वाचावे लागले नाही. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कऱ्हाड तालुक्यातल्या काले या गावी रयत शिक्षण संस्था स्थापन झाली. १९२४ साली संस्था साताऱ्याला आली आणि तिथे वसतिगृह उभे राहिले.

इथे थोडे थांबले पाहिजे. शाहू महाराजांनी कोल्हापुरात वसतिगृहांची चळवळ उभी केली ती जातवार: मराठ्यांचे वेगळे, जैनांचे वेगळे, लिंगायतांचे, मुसलमानांचे, अस्पृश्यांचे वेगळे. त्या काळात तेही मोठे धाडस होते. प्रत्येक समाजाला आपल्या मुलांची जबाबदारी घ्यायला त्यामुळे शिकता आले. भाऊरावांनी पुढचे पाऊल टाकले. साताऱ्याच्या वसतिगृहात महार, मांग, मराठा, जैन, मुसलमान मुले एकाच छपराखाली राहिली, एकाच चुलीवर स्वयंपाक करून एकाच पंगतीत जेवली. जो मुलगा घरी दुसऱ्या जातीच्या घरचे पाणी पीत नव्हता, तो इथे पाळीने पीठ मळत होता, भाकऱ्या थापत होता, भांडी घासत होता. त्या काळी जिल्ह्यातल्या गावांत पाणवठेसुद्धा वेगळे होते, हे लक्षात घेतले तर त्या स्वयंपाकघरात काय घडत होते ते कळेल. २५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधींच्या हस्ते या वसतिगृहाला छत्रपती शाहूंचे नाव देण्यात आले.

वसतिगृहात धान्य संपले तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई पाटलांनी अंगावरचे दागिने मोडले आणि शेवटी मंगळसूत्रही दिले. ही गोष्ट सांगताना आपण डोळे पुसतो आणि पुढे जातो. मला तिच्यात संस्थेचा पहिला अर्थसंकल्प दिसतो. पैसा आला कुठून, तर एका बाईच्या गळ्यातून. गेला कुठे, तर परक्यांच्या मुलांच्या ताटात. लक्ष्मीबाई १९३० साली गेल्या. त्या संस्थेच्या कोणत्याही पदावर नव्हत्या, पण संस्थेची मूल्ये कुणी ठरवली असे विचारले तर मी त्यांचे नाव भाऊरावांच्या बरोबरीने घेईन.

रयतची वाढ कोणत्या क्रमाने झाली तेही पाहण्यासारखे आहे. आधी वसतिगृह. मग १९३५ साली शिक्षक घडवणारे सिल्व्हर ज्युबिली रूरल ट्रेनिंग कॉलेज. त्यानंतर, १९३७-३८ पासून, जिथे सरकारी शाळा पोचली नव्हती अशा डोंगरकपारीच्या गावांत व्हॉलंटरी शाळा. १९४० साली साताऱ्यात महाराजा सयाजीराव हायस्कूल, तेही ‘कमवा आणि शिका’ या तत्त्वावर. आणि जून १९४७ मध्ये छत्रपती शिवाजी कॉलेज. म्हणजे अट्ठावीस वर्षे मुलांच्या जेवणाची, राहण्याची, शिक्षकांची आणि गावशाळांची तजवीज झाल्यावर कॉलेजची पाळी आली. त्याआधी साताऱ्याच्या मुलाला कॉलेज म्हटले की पुणे, सांगली नाहीतर कोल्हापूर गाठावे लागे, आणि ज्याच्या घरी दोन वेळची भ्रांत होती त्याला तेवढे अंतरही सात समुद्रांइतके होते.

‘कमवा आणि शिका’चा अर्थही आज अर्धाच सांगितला जातो. मुलांनी शेतात राबावे, खडी फोडावी, झाडे लावावीत, यातून त्यांचा खर्च भागत असे हे खरेच. पण शिकला की हातात फावडे धरायचे नाही, ही समजूत मोडायची हाही त्यामागचा हेतू होता. शिकलेल्या मुलाला बापाच्या कामाची लाज वाटू लागली तर ते शिक्षण रयतेला फार महाग पडते, हे भाऊरावांनी ओळखले होते. स्वावलंबी शिक्षण हे संस्थेचे ब्रीद या समजुतीतून आले. साताऱ्याच्या वसतिगृहात वाढलेले बॅरिस्टर पी. जी. पाटील पुढे शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले.

शिवाजी कॉलेज सुरू झाले त्याच वर्षी, डिसेंबर १९४७ मध्ये, अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी नेमलेल्या आयोगाचा उच्च शिक्षणावरचा अहवाल येऊ लागला. जॉर्ज झूक त्याचे अध्यक्ष होते. हायस्कूलनंतरची दोन वर्षे घराजवळ, शुल्काशिवाय शिकता यावीत, नोकरी करणाऱ्यांना आणि प्रौढांनाही तिथे दार उघडे असावे, असे त्याचे म्हणणे होते. ‘कम्युनिटी कॉलेज’ हे नाव रूढ झाले ते या अहवालामुळे. तशा कॉलेजांची सुरुवात १९०१ साली इलिनॉय राज्यातल्या जोलिएट गावी सहा विद्यार्थ्यांवर झाली होती. आज तिथे अशी सुमारे हजार कॉलेजे आहेत.

सातारा आणि जोलिएट यांना एकमेकांची खबर असण्याचे कारण नव्हते, तरी दोघांचा प्रश्न एकच होता. फरक पडला तो पैशाच्या वाटेत. अमेरिकेतल्या अनेक राज्यांत या कॉलेजला स्थानिक कराचा आधार असतो आणि त्याचे विश्वस्त लोक मतदानाने निवडतात. कॉलेज चुकले तर जाब विचारायची जागा ठरलेली असते. आपल्याकडे ते वर्गणी, धान्य, श्रम आणि एका माणसाच्या शब्दावर उभे राहिले. श्रद्धा अफाट होती, पण तिच्यासोबत जाब विचारण्याची व्यवस्था आली नाही. त्याचा तोटा पुढे कळला.

याच काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापली. १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ कॉलेज आणि १९५० मध्ये औरंगाबादेत मिलिंद महाविद्यालय सुरू झाले. सिद्धार्थमध्ये नोकरदारांना कामावर जाण्याआधी शिकता यावे म्हणून सकाळचे वर्ग ठेवले गेले. विद्यार्थ्याच्या दिवसाप्रमाणे कॉलेजचा दिवस आखायचा, हा विचार आजही आपल्या विद्यापीठांना पुरता पचलेला नाही.

रयतची खरी परीक्षा १९४८ साली झाली. गांधीहत्येनंतरच्या दिवसांत भाऊरावांनी मुंबई सरकारवर जाहीर टीका केली आणि बाळासाहेब खेरांच्या सरकारने संस्थेचे अनुदान बंद केले. भाऊराव झुकले नाहीत, शिक्षकांनी शाळा सोडल्या नाहीत, लोकांनी हात दिला. शेवटी गाडगेबाबांनी खेरांकडे शब्द टाकला आणि अनुदान पुन्हा सुरू झाले. सरकारचा पैसा घ्यावा, तो रयतेचाच आहे. पण त्यासाठी जीभ गहाण ठेवू नये, हे मूल्य कोणत्याही फलकावर लिहिल्यावाचून त्या वर्षी सिद्ध झाले. आज अनुदानित संस्थांच्या व्यासपीठांवर सत्तेची जी आरती चालते, ती पाहताना मला १९४८ आठवते.

भाऊराव ९ मे १९५९ रोजी गेले. त्याच सुमारास यशवंतराव चव्हाणांच्या सरकारने आर्थिकदृष्ट्या मागासांसाठी शुल्कमाफी आणली. तिने, आणि तिच्या बाराशे रुपये उत्पन्नाच्या मर्यादेने, खेड्यातल्या एका अख्ख्या पिढीला कॉलेजात आणले. १९६२ साली कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठ झाले. ही वीसएक वर्षे फुल्यांच्या हिशेबाची उलटी बाजू भरून काढणारी होती.

मग १९८३ साली वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित व्यावसायिक कॉलेजांना परवानगी दिली. मुले कर्नाटकात देणगी भरून शिकायला जात होती, तो पैसा इथे राहावा हा युक्तिवाद अगदीच पोकळ नव्हता. पण त्या निर्णयाने कॉलेज काढण्याचे कारणच बदलले. ज्या तालुक्यांत लोकांनी श्रमदानाने खोल्या बांधल्या होत्या, तिथेच देणगीवर चालणारी कॉलेजे उभी राहिली आणि दोन्हींच्या संस्थापकांना एकच पदवी मिळाली: शिक्षणमहर्षी. ही सरमिसळ महाराष्ट्राला फार नडली.

जूनमध्ये कोणत्याही तालुक्याच्या कॉलेजच्या प्रवेशखिडकीपाशी उभे राहा. मुलीच्या हातात प्लॅस्टिकची पिशवी असते. तिच्यात शाळा सोडल्याचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, आधारकार्डाची झेरॉक्स, बँकेचे पासबुक. बाप मागे उभा राहून खिडकीतल्या माणसाच्या चेहऱ्याकडे पाहत असतो. सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर शिष्यवृत्ती येईल, तोवर पैसे भरा, असे सांगितले की बाप पोरीला बाजूला घेतो आणि दोघे हळू आवाजात बोलू लागतात. २०२४ पासून आठ लाखांच्या आतल्या उत्पन्नाच्या घरांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शुल्क माफ झाले, हा चांगला निर्णय आहे. पण शुल्क माफ झाले तरी खोलीचे भाडे आणि मेसचे पैसे उरतात, आणि गावाकडची शेवटची एसटी साडेपाचला सुटते. १९२४ साली भाऊरावांनी वसतिगृहापासून सुरुवात का केली, याचे उत्तर या बाप-लेकीच्या बोलण्यात मिळते.

आत वर्गात शिकवणारा प्राध्यापक बऱ्याचदा तासिका तत्त्वावरचा असतो. नेट-सेट किंवा पीएच.डी. झालेला, पस्तिशीतला, मेमध्ये मानधन नसलेला. त्याला मुलांची नावे पाठ व्हायच्या आत वर्ष संपते. शाळांच्या आधी शिक्षक घडवणाऱ्या संस्थांच्या राज्यात हे चालावे, याचा मला राग येतो. ‘कमवा आणि शिका’ योजनाही चालते, पण बहुतेक ठिकाणी ती ग्रंथालयातली पुस्तके झटकण्यापुरती आणि कार्यालयातल्या फायली लावण्यापुरती उरली आहे. तिच्यातून ना महिन्याचा खर्च निघतो, ना कामाची विद्या मिळते. तालुक्यात दूधसंघ, साखर कारखाना, रोपवाटिका, ट्रॅक्टर दुरुस्तीची दुकाने असतात. तिथे शिकाऊ काम, त्याची रास्त मजुरी आणि अभ्यासक्रमात त्याचे गुण, ही सांगड घालायला कुणाची हरकत असणार आहे?

साताऱ्यात आता शिवाजी कॉलेज, यशवंतराव चव्हाण विज्ञान संस्था आणि धनंजयराव गाडगीळ वाणिज्य महाविद्यालय मिळून कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठ झाले आहे. म्हणजे वेळापत्रक, अभ्यासक्रम आणि प्रवेशाची रीत ठरवण्याचा अधिकार भाऊरावांच्या नावाने चालणाऱ्या संस्थेच्या हाती आला आहे. तिने, आणि तिच्यासारख्या प्रत्येक संस्थेने, दर जूनला चार आकडे दर्शनी भिंतीवर लावावेत. घरातून पहिल्यांदाच कॉलेजात आलेली मुले किती, वसतिगृहात फुकट राहणारी किती, अर्ध्यावर सोडून गेलेली किती, आणि शिक्षकांपैकी कायम किती. शेजारी कामगारांसाठी आणि संसारातून सुटून पुन्हा शिकू पाहणाऱ्या बायकांसाठीच्या सकाळ-संध्याकाळच्या वर्गांचे वेळापत्रक असावे. हे आकडे पंचायत समितीत आणि ग्रामसभेत वाचले जावेत, आणि प्राचार्यांनी तिथे उभे राहून लोकांच्या प्रश्नांना उत्तरे द्यावीत. जाब विचारण्याची जी व्यवस्था १९४७ साली आपल्याकडे राहून गेली, ती यंदाच्या प्रवेशापासून सुरू करता येईल. त्यासाठी कोणत्याही नव्या कायद्याची गरज नाही.