सल्ला केव्हा घ्यावा, हाही करकायद्याचाच प्रश्न

१ एप्रिल २०२६ पासून प्राप्तिकर कायदा, २०२५ अमलात आला. त्याबरोबर १९६१ चा जुना कायदा, असंख्य दुरुस्त्यांच्या ठिगळांसह, निवृत्त झाला. नव्या कायद्यात ५३६ कलमे, २३ प्रकरणे आणि १६ अनुसूची आहेत. ‘मागील वर्ष’ आणि ‘करनिर्धारण वर्ष’ या जोडगोळीने करदात्यांच्या दोन-तीन पिढ्यांना गोंधळात टाकले होते. तिच्या जागी आता ‘करवर्ष’ हा एकच शब्द आला आहे. भाषा सुटसुटीत झाली, हे स्वागतार्हच आहे. परंतु कायदा वाचता येणे आणि तो आपल्या प्रकरणाला कसा लागू होतो हे कळणे, या दोहोंतील अंतर केवळ सोप्या भाषेने मिटत नाही. हे अंतर आज कोण भरून काढतो, हा करप्रशासनातील दुर्लक्षित पण महत्त्वाचा प्रश्न आहे.

त्याचे एक अस्वस्थ करणारे उत्तर १४ जुलै २०२५ रोजी मिळाले. प्राप्तिकर विभागाने त्या दिवशी देशभरात १५० ठिकाणी पडताळणीची कारवाई सुरू केली. महाराष्ट्र, दिल्ली, तमिळनाडू, गुजरात, पंजाब आणि मध्य प्रदेशात खोट्या वजावटींचे पुरावे आढळल्याचे विभागाने सांगितले. घरभाडे भत्ता, राजकीय पक्षांना देणग्या, आरोग्य विमा, शैक्षणिक कर्ज अशा शीर्षकांखाली नसलेला खर्च दाखवून परतावे मिळवून देणाऱ्या मध्यस्थांच्या टोळ्या कमिशनवर काम करत होत्या. विवरणपत्रे भरण्यासाठी तात्पुरते ई-मेल पत्ते उघडले जात आणि काम झाले की सोडून दिले जात. परिणामी विभागाच्या नोटिसा करदात्यापर्यंत पोहोचतच नसत. लाभार्थ्यांत बहुराष्ट्रीय कंपन्या, सार्वजनिक उपक्रम, सरकारी कार्यालये आणि शैक्षणिक संस्थांतील कर्मचारी होते. त्याआधीच्या चार महिन्यांत सुमारे ४० हजार करदात्यांनी सुधारित माहिती देऊन १,०४५ कोटी रुपयांचे खोटे दावे स्वतःहून मागे घेतले होते.

यातील अनेकांनी ‘सल्ला’ घेतला होता, ही यातील खेदाची बाब. सल्लागार कमिशन घेऊन निघून गेला, विवरणपत्रावरील जबाबदारी मात्र करदात्याची राहिली. १९६१ च्या कायद्यातील कलम २७०अ नुसार उत्पन्न कमी दाखवल्यास चुकवलेल्या कराच्या ५० टक्के, तर चुकीची माहिती देऊन कमी दाखवल्यास २०० टक्के दंड आहे. ‘मला ठाऊक नव्हते’ हा बचाव तेथे फार दूर नेत नाही. म्हणून कोणत्या प्रश्नाला सल्ल्याची गरज नाही, कोणत्या प्रश्नाला सनदी लेखापाल पुरेसा आहे आणि कोणत्या क्षणी वकील गाठला पाहिजे, याचा विवेक हा आज करदात्याच्या साक्षरतेचा भाग मानायला हवा.

या प्रश्नाला इतिहासाची पार्श्वभूमी आहे. १८५७ च्या उठावानंतर रिकाम्या झालेल्या तिजोरीसाठी जेम्स विल्सन यांनी १८६० मध्ये भारतात प्राप्तिकर आणला. मद्रासचे गव्हर्नर सर चार्ल्स ट्रेव्हेल्यन यांनी त्याला उघड विरोध केला, आपले टिपण वृत्तपत्रांतून प्रसिद्ध केले आणि त्यापायी त्यांना पद गमवावे लागले. परक्या सरकारला प्रजेच्या उत्पन्नाची माहिती नव्हती, त्यामुळे ती प्रजेकडूनच मिळवावी लागे. आज स्थिती नेमकी उलटी आहे. बँका, म्युच्युअल फंड, निबंधक कार्यालये यांच्याकडून आलेली माहिती ‘वार्षिक माहिती विवरणा’त आधीच जमा असते. ‘तुम्ही किती मिळवले?’ या जुन्या प्रश्नाची जागा ‘आमच्याकडील आकडा आणि तुमचा आकडा जुळत का नाही?’ या प्रश्नाने घेतली आहे. पहिल्या प्रश्नाला हिशेब पुरतो. दुसऱ्याला काही वेळा कायद्याने उत्तर द्यावे लागते.

पहिला वर्ग अर्थातच निव्वळ हिशेबाच्या प्रश्नांचा. १२ लाखांपर्यंत कर नाही, म्हणजे नेमके काय? २०२५-२६ या आर्थिक वर्षात नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर ६० हजारांपर्यंत करसवलत मिळते. पगारदाराची ७५ हजारांची प्रमाणित वजावट धरली की ही मर्यादा १२ लाख ७५ हजारांवर जाते. मात्र शेअर विक्रीच्या नफ्यासारख्या, विशेष दराने कर लागणाऱ्या उत्पन्नाला ही सवलत नाही. एवढे समजले की निम्मा संभ्रम दूर होतो. कलम १४३(१) खालील सूचनापत्र हाही बहुधा संगणकाने केलेला ताळमेळ असतो. वजा झालेला कर आणि जमा दिसणारा कर जुळत नसेल, तर कागद जोडून संकेतस्थळावर उत्तर देता येते. १ ऑक्टोबर २०१९ पासून विभागाच्या प्रत्येक पत्रावर दस्तऐवज ओळख क्रमांक असणे बंधनकारक आहे. आलेले पत्र खरे की भामट्याचे, हे त्या क्रमांकावरून विभागाच्या संकेतस्थळावर तपासता येते. या वर्गातील कामासाठी परताव्याच्या टक्केवारीवर मेहनताना मागणारा माणूस भेटला, तर त्याच्यापासून दूर राहावे, एवढा एकच सल्ला पुरेसा आहे.

दुसऱ्या वर्गात व्यवहार होण्याआधी विचारायचे प्रश्न येतात. दिल्ली आणि तिच्या भोवतीचा राजधानी परिसर हे त्याचे उत्तम उदाहरण आहे. मेट्रोचा एक मार्ग दिल्लीतून नोएडात जातो, दुसरा गुरुग्रामला पोहोचतो. शहर एकच वाटते, पण करकायद्याला ते तसे दिसत नाही. १९६२ च्या नियमांत घरभाडे भत्त्यावरील सवलतीसाठी पगाराच्या ५० टक्क्यांची मर्यादा केवळ मुंबई, कोलकाता, दिल्ली आणि चेन्नईतील घरांना होती, अन्यत्र ती ४० टक्के. कचेरी कनॉट प्लेसमध्ये आणि भाड्याचे घर नोएडात असेल, तर जुन्या करप्रणालीत मर्यादा ४० टक्क्यांचीच, कारण नियम घराचे ठिकाण पाहतो. पुण्याच्या रहिवाशाने हा भेद मुंबईच्या तुलनेत वर्षानुवर्षे अनुभवला.

याहून कठीण प्रश्न रखडलेल्या घरांचा. नोएडा आणि ग्रेटर नोएडातील आम्रपाली समूहाच्या प्रकल्पांत चाळीस हजारांहून अधिक ग्राहक अडकले. २३ जुलै २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने समूहाची रेरा नोंदणी रद्द करून अपुरी बांधकामे ‘एनबीसीसी’कडे सोपवली. अशा ग्राहकाने गृहकर्जाचे हप्ते भरत राहायचे, पण कर्ज घेतलेल्या आर्थिक वर्षाच्या अखेरीपासून पाच वर्षांत घर पूर्ण झाले नाही, तर स्वतः राहण्याच्या घरावरील व्याजाची वजावट दोन लाखांवरून ३० हजारांवर येते. चूक बिल्डरची, भुर्दंड ग्राहकाला. जुने घर विकून झालेला नफा अशा प्रकल्पात गुंतवणाऱ्यासमोर कलम ५४ मधील मुदतीचा प्रश्न उभा राहतो. नवे घर दोन वर्षांत विकत घ्यावे किंवा तीन वर्षांत बांधावे, असे कायदा सांगतो. बिल्डरमुळे उशीर झाल्यास अनेक निकालांत उदार अर्थ लावला गेला आहे, पण तो मिळवण्यासाठी पैसे केव्हा, कोणाला आणि कोणत्या करारान्वये दिले, याचे कागद लागतात. ते कागद व्यवहाराच्या वेळीच तयार होतात. नोटीस आल्यानंतर त्यांची जमवाजमव करणे जिकिरीचे ठरते.

आणखी एक नेहमीचे कौटुंबिक उदाहरण घेऊ. द्वारकेतील वडिलांचा जुना फ्लॅट दोन मुलांना वारशाने मिळाला. भाऊ दिल्लीत राहतो, बहीण अमेरिकेत स्थायिक आहे. २३ जुलै २०२४ पूर्वी घेतलेल्या स्थावर मालमत्तेवर निवासी व्यक्तीला दोनपैकी कमी कर भरण्याची मुभा आहे: महागाई निर्देशांकाचा लाभ न घेता १२.५ टक्के किंवा तो घेऊन २० टक्के. अनिवासी बहिणीला हा पर्याय नाही. फ्लॅट तोच, विक्रीपत्र तेच, हिस्सा समान, तरी करात फरक पडू शकतो. इतकेच नव्हे, तर ५० लाख किंवा अधिक किमतीच्या घरासाठी खरेदीदार निवासी विक्रेत्याच्या रकमेतून एक टक्का कर कापतो. अनिवासी विक्रेत्याच्या बाबतीत कलम १९५ लागू होते, दर बराच अधिक असतो आणि किमतीची किमान मर्यादाही नसते. कमी कापल्यास खरेदीदारच कसूरदार ठरतो. अशा व्यवहारात विसारापूर्वी सनदी लेखापालाला दिलेली फी, पुढे भराव्या लागणाऱ्या व्याजाच्या आणि दंडाच्या मानाने किरकोळ असते.

तिसऱ्या वर्गात मात्र वकिलाची वाट पाहू नये. फेरकरनिर्धारणाची कलम १४८अ खालील कारणे दाखवा नोटीस, कलम १३१ खालील समन्स, चुकीची माहिती दिल्याच्या आरोपावरून दंडाची कारवाई, खटल्याची सूचना आणि परदेशातील मालमत्ता न दाखवल्याचा आक्षेप, हे पाच प्रसंग त्यात मोडतात. गुरुग्राम-नोएडातील परदेशी कंपन्यांच्या तरुण कर्मचाऱ्यांना मूळ कंपनीचे शेअर मिळतात. ते विवरणपत्राच्या परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात दाखवावे लागतात, हे अनेकांच्या गावीही नसते. २०१५ च्या काळा पैसा कायद्यात अशा कसुरीला दहा लाखांचा दंड आहे. १ ऑक्टोबर २०२४ पासून स्थावर वगळता एकूण २० लाखांपर्यंतच्या मालमत्तेला त्यातून सूट मिळाली, पण त्यापुढे प्रश्न गंभीरच आहे.

या टप्प्यावर मुदत आणि अधिकारक्षेत्र हे मुद्दे निर्णायक ठरतात आणि ते हिशेबनिसाच्या नजरेतून सुटू शकतात. फेरकरनिर्धारणाची पद्धत १ एप्रिल २०२१ पासून बदलली. तरीही त्यानंतर जुन्याच पद्धतीने देशभर सुमारे ९० हजार नोटिसा गेल्या. नऊ हजारांहून अधिक याचिका उच्च न्यायालयांत दाखल झाल्या. सप्टेंबर २०२१ मध्ये अलाहाबाद आणि डिसेंबरमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने या नोटिसा रद्द ठरवल्या. ४ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आशीष अग्रवाल प्रकरणात अनुच्छेद १४२ चा वापर करून त्यांना नव्या पद्धतीच्या कारणे दाखवा नोटिसा मानले आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये राजीव बन्सल प्रकरणात मुदतीची गणना ठरवून दिली. ‘तुमचे उत्पन्न किती?’ हा या सगळ्यातला वादाचा मुद्दाच नव्हता. नोटीस काढण्याचा अधिकार त्या तारखेला होता का, हा होता.

अधिकारक्षेत्राचेही तसेच. करनिर्धारण चेहराविरहित झाले, तरी अपील कोणत्या उच्च न्यायालयात जाणार, हे करनिर्धारण अधिकाऱ्याच्या ठिकाणावरून ठरते, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२२ मध्ये एबीसी पेपर्स प्रकरणात स्पष्ट केले. म्हणजे दिल्लीकराचा वाद दिल्लीत, गुरुग्रामकराचा चंडीगढला पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयात आणि नोएडाकराचा अलाहाबाद उच्च न्यायालयात. दिल्लीतील मित्राने जिंकलेला निकाल नोएडातील अधिकाऱ्यावर बंधनकारक असतोच असे नाही. शिवाय पक्षकार आणि वकील यांच्यातील संवादाला पुरावा कायद्याचे संरक्षण आहे, सनदी लेखापालाशी झालेल्या बोलण्याला तसे नाही. खटल्याची छाया पडलेली असेल, तर हा फरक क्षुल्लक राहत नाही. नव्या कायद्याने हे तंटे संपणार नाहीत, कारण जुन्या वर्षांचे वाद जुन्या कायद्यानेच चालतील आणि वकिलांना काही वर्षे दोन्ही ग्रंथ शेजारी ठेवावे लागतील.

आता प्रश्न राज्यसंस्थेचा. ज्याला दिल्लीतील नामांकित करवकील परवडतो, त्याची चिंता करण्याचे कारण नाही. छोटा दुकानदार, निवृत्त शिक्षक, विधवा निवृत्तिवेतनधारक यांच्यासाठी व्यवस्था कोणती? २००६ च्या विवरणपत्र सहायक योजनेने पदवीधरांना प्रशिक्षण देऊन माफक शुल्कात विवरणपत्र भरून देण्याची सोय केली, पण ती सोय पहिल्या वर्गापुरती आहे. प्राप्तिकर लोकपाल ही संस्था तक्रारी घेण्यासाठी होती, ती २०१९ मध्ये गुंडाळण्यात आली. १३ ऑगस्ट २०२० रोजी करदात्यांची सनद जाहीर झाली. न्याय्य आणि सौजन्यपूर्ण वागणुकीचे वचन तिच्यात आहे, परंतु वचनभंग झाल्यास करदात्याच्या बाजूने उभे राहणारे कोणी तिच्यात नाही. अमेरिकेने १९९८ च्या सुधारणा कायद्याने अल्प उत्पन्न करदात्यांसाठी विधी चिकित्सालयांना अनुदान देण्यास सुरुवात केली. विद्यापीठे आणि स्वयंसेवी संस्था ती चालवतात.

आपल्याकडे विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ पासून आहे, जिल्ह्याजिल्ह्यांत प्राधिकरणे आहेत आणि विधी महाविद्यालयांची वाण नाही. या सांगाड्याला करकायद्याची जोड देण्यासाठी नवे मंत्रालय लागत नाही. ठरावीक उत्पन्नाखालील करदात्याला कारणे दाखवा नोटीस गेली, की तिच्यासोबतच मोफत सल्ला कोठे मिळेल याचा पत्ता त्याच्या भाषेत छापलेला असावा, एवढी सुरुवात पुरेशी आहे. टक्केवारीवर खोट्या वजावटी विकणारा मध्यस्थ जन्माला येतो तो प्रामाणिक सल्ला महाग आणि दूर असल्यामुळे. छापे घालून मध्यस्थ पकडता येतील, त्यांची जागा मात्र स्वस्त आणि विश्वासार्ह सल्ल्यानेच भरावी लागेल. कायद्याची पाने कमी करण्याचे श्रेय सरकारने घ्यावेच. त्याच उत्साहाने करदात्याला सल्ल्याचे दारही दाखवावे.