रोखीचा जमाखर्च : केव्हा व कसा

शेतीचा पैसा बारमाही येत नाही. बियाणे व खते ज्येष्ठ-आषाढात लागतात, आणि शेतकऱ्याच्या हाती रक्कम पडते ती दिवाळीच्या सुमारास. ऊस वा कपाशी असल्यास त्याहूनही उशिरा. मधल्या काळात गावचे कृषि सेवा केंद्र उधारीवर माल देते. हिशेबाचे वर्ष मात्र ३१ मार्चला संपते. त्या दिवशी येणे असलेली उधारी उत्पन्न धरावी की नाही, हा प्रश्न अशा प्रत्येक दुकानदारापुढे उभा राहतो.

जमाखर्चाच्या पद्धती दोन. मर्केन्टाइल पद्धतीत माल विकताच त्याची किंमत उत्पन्नात येते आणि देणे झालेला खर्चही तेव्हाच लिहिला जातो. रोख पद्धतीत पैसा आला तरच जमा व गेला तरच खर्च. १९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम १४५ ने, नियमितपणे पाळली जात असेल तर, दोहोंपैकी कोणतीही पद्धती मान्य केली. दोन्हींची सरमिसळ १९९७-९८ या आकारणी वर्षापासून बंद झाली. पिकाचे उत्पन्न केंद्रीय आयकरातून मुक्त असल्याने हा प्रश्न दुकान, कुक्कुटपालन, दुग्धव्यवसाय अशा धंद्यांचा आहे.

उधारीवर चालणाऱ्या लहान दुकानदाराने रोख पद्धती स्वीकारणे रास्त होय. न मिळालेल्या पैशावरील कर भरण्यासाठी त्यास कर्ज काढावे लागले, तर त्या व्याजाचा भार अखेर शेतकऱ्यावरच पडतो. मर्केन्टाइल पद्धतीत बुडीत उधारी खर्ची टाकता येते, हे खरे; परंतु तोपर्यंत कर भरून झालेला असतो. उलट, जो दुकानदार घाऊक व्यापाऱ्याकडून उधार घेतो व गावात रोखीने विकतो, त्यास हा बदल महागच पडेल. विक्री लगेच जमा होईल आणि खरेदी मात्र पैसे चुकते केल्याशिवाय खर्ची पडणार नाही.

बदल करताना खरी कसोटी ३१ मार्च या तारखेस लागते. समजा, त्या दिवशी गावाकडून १ लाख रुपये येणे व घाऊक व्यापाऱ्याचे ६० हजार रुपये देणे आहे. हे दोन्ही आकडे जुन्या पद्धतीने गतवर्षीच हिशेबात आलेले आहेत. पुढे ती रक्कम वसूल झाली म्हणून पुन्हा उत्पन्न धरू नये, आणि ते देणे फेडले म्हणून पुन्हा खर्च दाखवू नये. यासाठी येणे-देण्याची नावनिशीवार यादी त्या दिवशी करून स्वतंत्र ठेवावी. ही यादी नसेल तर एकाच पैशावर दोनदा कर बसेल, किंवा दुकानदारावर खोट्या हिशेबाचा ठपका येईल. बदल प्रामाणिक व कायमचा असावा. कर कमी दिसेल त्याप्रमाणे दरवर्षी पद्धती फिरवणे कायद्यास मान्य नाही.

दोन मर्यादा ध्यानात ठेवल्या पाहिजेत. शेतकरी उत्पादक कंपनी ही कंपनीच असल्याने २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार तिला येणे-देणे धरूनच वह्या ठेवाव्या लागतात. तिच्या संचालकांस हा सल्ला लागू पडत नाही. तसेच २०१७ पासून लागू झालेला वस्तू व सेवा कर मालाच्या बाबतीत सर्वसाधारणपणे बिल होताच देय होतो. उधारी वसूल होईपर्यंत तो थांबत नाही.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट शेतकऱ्याच्या हिताची आहे. रोख पद्धती आली म्हणजे उधारीची खतावणी बंद झाली, असा समज होता कामा नये. कराच्या हिशेबात उधारी धरली नाही, तरी शेतकऱ्याचे ऋण ते ऋणच. त्याची तारीखवार नोंद व प्रत्येक भरण्याची पावती नसेल, तर वादाच्या वेळी शेतकऱ्याजवळ कोणताही पुरावा उरत नाही. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी दुकानदारास सनदी लेखापालाचा सल्ला घेऊनच बदल करण्यास सांगावे, आणि शेतकऱ्यास प्रत्येक बिल व पावती जपून ठेवण्यास शिकवावे.