ताप कोणत्या भाषेत?

उकाडा आपल्याला सेल्सियसमध्ये होतो आणि ताप फॅरनहाइटमध्ये येतो. सकाळी वर्तमानपत्रात 'सांताक्रूझ 34' वाचून "काय हा उकाडा!" म्हणणारा शिवाजी पार्कचा गृहस्थ रात्री नातवाच्या काखेतला थर्मामीटर काढून "एकशे एक" म्हणतो, आणि या दोन आकड्यांचं काही नातं आहे याची त्याला गंधवार्ताही नसते. हा दुटप्पी कारभार मोडला पाहिजे. मत कारकुनाचं आहे, तेव्हा हिशेबासकट देतो.

कट्ट्यावर या प्रश्नाचं उत्तर तयार असतं. "सोप्पं आहे हो! सेल्सियसची दुप्पट करा, तीस मिळवा!" हे सांगणारे काका मैदानाला पाच फेऱ्या मारून आलेले असतात, त्यामुळे वाद घालायला आपल्यापाशी तेवढा दम नसतो. हवेपुरतं ते चालतंही. 10 असेल तर 50, अगदी बिनचूक. 32 असेल तर 94; खरं उत्तर 89.6, पण घाम दोन्हीत सारखाच येतो.

आता हाच गुरुमंत्र तापाला लावा. आमच्या मजल्यावरच्या काकूंची लेक जर्मनीत असते. एका रात्री तिचा फोन आला, "आई, बाळाला साडेएकोणचाळीस आहे गं!" काकूंना काहीच वाटलं नाही. एकोणचाळीस हा काय घाबरण्याचा आकडा? आपल्याकडे पास व्हायला पस्तीस लागतात! शेवटी त्यांनी कट्ट्यावरच्या काकांना उठवलं. काकांनी दुप्पट केली, तीस मिळवले, आणि 109 ऐकून काकू मटकन खाली बसल्या. घरचा पाऱ्याचा थर्मामीटर 108 लाच संपतो, हे त्यांना ठाऊक होतं. खरा ताप होता 103.1. आधी नको तितकी स्वस्थता, मग नको तितका हंबरडा. आणि "डॉक्टरांना फोन कर" हे सांगायचं राहिलं ते राहिलंच.

खरा हिशेब असा: 9 ने गुणा, 5 ने भागा, 32 मिळवा. पाणी गोठतं तिथे सेल्सियसचं खातं शून्य शिलकीवर उघडतं. फॅरनहाइटसाहेबांच्या शाखेत किमान शिल्लक 32. म्हणून शिल्लक विचारली तर 32 मिळवायचे, पण नुसती वाढ-घट विचारली तर अजिबात नाही. ताप तिकडे 1 अंशाने उतरला, तर इकडे 1.8 ने उतरला, 33.8 ने नव्हे. इथे भलेभले पदवीधर आपटतात.

"पण आमचं 98.6 किती नेमकं!" असा फॅरनहाइटवाल्यांचा दावा असतो. त्या दशांशाची जन्मकथा ऐका. लाइपझिगच्या वुंडरलिश नावाच्या डॉक्टरने 1868 साली माणसाचं सरासरी तापमान 37 सेल्सियस असं छापलं. या गोळाबेरजेला 9 ने गुणून, 5 ने भागून, 32 मिळवले की 98.6! ज्याला आपण नेमकेपणा म्हणतो, तो गुणाकारातून सांडलेला भुसा आहे. निरोगी माणसाचं तापमानही दिवसभरात खालीवर होतच असतं, तरी 98.8 दिसलं की घरात खिमट शिजायला लागतं.

1 एप्रिल 1957 ला नवे पैसे आले, तेव्हाही आण्याचे सहा की सव्वासहा यावरून दुकानादुकानांत खडाजंगी झाली असणार. पण आपल्या आजोबांनी जन्मभर आण्यांचं भाषांतर केलं नाही. पैशांत विचार करायला शिकले आणि मोकळे झाले. 2011 साली चार आण्यांचं नाणं चलनातून गेलं, तेव्हा कुणाच्या डोळ्यांत पाणी आलं नाही. मग तापाचंच भाषांतर का? सरळ पाठ करा: 37 म्हणजे खेळायला जा, 38 म्हणजे ताप, 39 म्हणजे जागरण, 40 म्हणजे टॅक्सी. तान्ह्या बाळाला मात्र 38 लाच टॅक्सी.

आता घरोघरी डिजिटल थर्मामीटर आहेत आणि पुष्कळांत सेल्सियसची सोय असते. काकूंनी त्यांच्यावर ती करून घेतली. काकांनी नाही. त्यांचं म्हणणं, दोन्ही मोजमापं कुठेतरी एक होतातच, मग घाई कशाला? होतात खरी, उणे 40 वर. सांताक्रूझचा पारा 22 जानेवारी 1962 ला 7.4 पर्यंत उतरला होता. उरलेले सत्तेचाळीस अंश उतरेपर्यंत काकांनी कट्ट्यावर खुशाल बसावं, स्वेटर घेऊन.