माणसे मिळत नाहीत की टिकत नाहीत?

'कामाला माणसे मिळत नाहीत' हे गाऱ्हाणे आज उद्योजकांच्या प्रत्येक मेळाव्यात ऐकू येते. फेब्रुवारी २०२५ मध्ये चेन्नईतील उद्योगपतींच्या एका परिषदेत लार्सन अँड टुब्रोचे अध्यक्ष एस. एन. सुब्रह्मण्यन यांनीही तेच मांडले. बांधकाम मजूर गाव सोडायला राजी नसतात, असे सांगून त्यांनी त्याचा दोष कल्याणकारी योजनांवर आणि आरामाच्या ओढीवर ठेवला. त्याच्या महिनाभर आधीच, आठवड्याला ९० तास आणि रविवारीही काम करण्याविषयीचे त्यांचे उद्गार देशभर गाजले होते. त्याही आधी, ऑक्टोबर २०२३ मध्ये, नारायण मूर्तींनी तरुणांना ७० तासांचा मंत्र दिला होता.

१४० कोटींच्या देशात माणसांचा दुष्काळ पडावा, हा चमत्कारच म्हणायचा! पण चमत्काराला कारण असते, आणि ते मजुराच्या झोपडीत शोधण्यापूर्वी मालकाच्या वहीत शोधले पाहिजे. जानेवारी २०२५ मध्ये संसदेत मांडलेल्या आर्थिक पाहणी अहवालानेच ही वही उघडली. २०२३-२४ या वर्षात मोठ्या कंपन्यांचा नफा २२.३ टक्क्यांनी वाढला, तर त्यांच्याकडील रोजगार अवघ्या १.५ टक्क्याने. हा निष्कर्ष कोण्या लाल बावट्याचा नव्हे, भारत सरकारच्या मुख्य आर्थिक सल्लागारांचा आहे. नफ्याचे ताट भरलेले आणि वाढणाऱ्याचा हात आखडलेला, अशी ही पंगत आहे. तीतून कोणी उठून गेला, तर त्याला आळशी कसे म्हणायचे?

कामगाराच्या अपेक्षा बदलल्या, हे खरेच आहे. पण त्या कोणत्या? आजोबा चार भावांपैकी एक होते. एक मुंबईला गिरणीत गेला तरी तिघे घर सांभाळत. नातू घरात एकटा आहे. आई-वडील थकलेले, शेती दोन एकरांची. परमुलखात पत्र्याच्या खोलीत आठ जणांत झोपून, हाती जेमतेम शिल्लक राहत असेल, तर त्याने घर का सोडावे? याला आरामाची ओढ म्हणत नाहीत, कर्तव्याची जाणीव म्हणतात. कुटुंबव्यवस्था हा ज्या समाजाचा कणा, त्या समाजातील नोकरी कुटुंब मोडूनच करता येणार असेल, तर दोष कुटुंबाचा नाही.

योजना राष्ट्रीय विचारांच्या सरकारची आहे म्हणून तिचा धडा झाकण्याचेही कारण नाही. २०२४ मध्ये आरंभलेल्या पंतप्रधान इंटर्नशिप योजनेच्या पहिल्या फेरीत तरुणांना ८२ हजारांहून अधिक संधी देऊ केल्या गेल्या. स्वीकारल्या सुमारे २८ हजारांनी आणि प्रत्यक्ष रुजू झाले नऊ हजारांहूनही कमी. महिना पाच हजार रुपये, मुदत वर्षाची, कामाचे ठिकाण घरापासून दूर, आणि वर्षानंतर कायम नोकरीची हमी नाही. हेतू उत्तम होता. पण तरुणाने साधा हिशेब केला.

हा हिशेब उद्योगांनीच त्याला शिकवला आहे. देशातील कारखान्यांत २००० च्या सुमारास पाच कामगारांमागे एक कंत्राटी होता. आज दोनाहून अधिक आहेत. एकाच यंत्रावर, एकाच पाळीत, शेजारी शेजारी उभे असलेले दोघे. एकाच्या हाती पूर्ण वेतन, दुसऱ्याच्या हाती बहुधा त्याहून कमी. भरती मुकादमाच्या दारात, नाव कंत्राटदाराच्या पटावर, घाम मात्र कंपनीच्या मालावर. ज्याने कामगाराचे नावही विचारले नाही, त्याने त्याच्याकडे निष्ठा मागावी, हा कोणता न्याय?

हरियाणातील मानेसरला १८ जुलै २०१२ रोजी मारुतीच्या कारखान्यात हिंसाचार झाला आणि एका अधिकाऱ्याचा बळी गेला. त्या कृत्याचे समर्थन होऊच शकत नाही. पण त्यानंतर काही आठवड्यांतच कंत्राटदारामार्फत कामगार घेणे थांबवण्याची घोषणा कंपनीने केली, ती का? दुखणे कुठे आहे, हे उमगले म्हणूनच ना? तरीही ठरावीक महिन्यांसाठी घेतलेले हंगामी कामगार पुढे राहिलेच. पाटी बदलली, अनिश्चितता नाही.

संगणकापुढे बसणाऱ्यांची स्थिती वेगळी आहे, असे मध्यमवर्गाने समजू नये. २०२४ मध्ये पुण्यात एका बड्या लेखापरीक्षण संस्थेतील २६ वर्षांची तरुणी रुजू झाल्यापासून चार महिन्यांत मरण पावली. कामाच्या ओझ्याने तिचा जीव घेतला, असा आरोप करणारे तिच्या आईचे पत्र घराघरांत वाचले गेले. पगाराच्या आकड्यावर हुरळून मुले तिथे पाठवणाऱ्या पालकांनी त्या पत्रातून काही शिकायचे की नाही?

याला उत्तर संपाचे नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईत सुरू झालेल्या गिरणी संपात अडीच लाख कामगार उतरले आणि गिरणगावच उजाड झाले. वर्गसंघर्षाच्या पोथीने मालकाचे काही बिघडले नाही. त्याला जमिनीचा भाव मिळाला. पण 'हवे तेव्हा घ्या, नको तेव्हा काढा' ही पश्चिमेकडून आलेली दुसरी पोथीही तितकीच परकी आहे. आर्वीचे सुपुत्र दत्तोपंत ठेंगडी यांनी २३ जुलै १९५५ रोजी भारतीय मजदूर संघाची स्थापना केली, ती या दोन्ही पोथ्या नाकारून. उद्योग हा परिवार आहे, ही ती भूमिका. परिवारात कोणी कंत्राटावर नसते.

हा केवळ आदर्शवाद नाही. १९१० साली औंध संस्थानातील कुंडलच्या माळरानावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कारखान्याबरोबर गाव वसवले. जमशेदपूरला टाटांनी आठ तासांचा दिवस १९१२ मध्येच दिला. कायदा आला १९४८ मध्ये. या दोन्ही उद्योगांचे दिवाळे निघाले नाही. उलट, पिढ्यान्‌पिढ्यांचे कामगार तिथे उभे राहिले. आणि ज्या रविवारवर आज डोळा आहे, ती सुट्टी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८९० मध्ये मुंबईच्या गिरणी मालकांकडून झगडून मिळवली होती. ती कोणाची खिरापत नव्हे.

मग उद्योजकांनी करायचे काय? नित्याच्या कामासाठी माणूस थेट कंपनीच्या नावावर घ्यावा. पहिल्याच दिवशी काम, तास, वेतन आणि सुट्टी कागदावर लिहून द्यावी. समान कामाला समान दाम द्यावा. शिकाऊ उमेदवाराला कायम होण्याची अट आणि मुदत आधीच सांगावी. परगावच्या कामगारासाठी राहण्याजोगी खोली आणि महिलांसाठी सुरक्षित वाहन यांचा खर्च प्रकल्पाच्या खर्चातच धरावा. आणि तालुक्याच्या आयटीआयच्या दारात मुकादम न पाठवता स्वतः जावे.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या चार श्रमसंहितांनी यातील काही गोष्टी बंधनकारक केल्या आहेत: प्रत्येकाला नियुक्तिपत्र, मुदतीच्या कामगाराला वर्षाच्या सेवेनंतर ग्रॅच्युइटी. त्यांचे स्वागतच आहे. मात्र कामगार कपातीसाठी सरकारी परवानगीची अट १०० ऐवजी ३०० कामगारांच्या कारखान्यांपासून लागू करण्यावर मजदूर संघाने घेतलेला आक्षेपही सरकारने ऐकला पाहिजे.

कामगारालाही कर्तव्य आहेच. हजार रुपये जास्त मिळाले म्हणून न सांगता काम सोडणे ही श्रमाची प्रतिष्ठा नव्हे. पण आरंभ ज्याच्या हाती सत्ता आहे, त्याने करायचा असतो.

आणि हा प्रश्न केवळ बड्या उद्योगपतींना विचारून भागणार नाही. पहाटे समरसतेचे गीत म्हणणारे अनेक हात सकाळी दहा वाजता कारखान्याचे, दुकानाचे, शाळेचे हजेरीपत्रक उघडतात. त्या पत्रकात किती नावे आहेत आणि प्रत्यक्षात किती माणसे राबतात? दोन्ही आकडे जुळत नसतील, तर विश्वकर्मा जयंतीला यंत्रावर वाहिलेले फूल केवळ लोखंडाला वाहिलेले ठरते. यंत्राची पूजा वर्षातून एकदा पुरते. माणसाचा मान रोज राखावा लागतो. तो राखणाऱ्याला माणसे शोधावी लागत नाहीत.