आधी पैसे, मग उजेड

वीज स्वस्त आहे का, असं विचारलं की आपण युनिटचा दर सांगतो. गॅस परवडतो का, असं विचारलं की सिलिंडरची किंमत सांगतो. दोन्ही उत्तरं अर्धवट आहेत. पैसे कधी मागतात, कुठे भरायचे, रोख चालतात का, एकदम किती काढून द्यावे लागतात, हाही किमतीचाच भाग असतो. ज्याच्या खात्यात एक तारखेला पगार पडतो आणि ज्याचं बिल त्या खात्यातून परस्पर वळतं होतं, त्याला हे जाणवतच नाही. ज्याचं घर हातातल्या रोकडीवर चालतं त्याला ते दर महिन्याला जाणवतं. आणि गंमत बघा, नियम करणारे सगळे पहिल्या गटातले!

उदाहरण म्हणून बेळगांवचा कॅम्प घेऊ. आम्हा गोंयकारांना बेळगांव म्हणजे भाजी, कुंदा आणि इस्पितळ. कॅम्प म्हणजे तिथला लष्करी छावणीचा भाग. जुनी झाडं, इंग्रजी अमदानीतले बंगले, मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र, सेंट पॉल्ससारखी जुनी शाळा. बाहेरून जाणाऱ्याला सगळं सुखवस्तू वाटतं. पण छावणी नुसत्या साहेबांवर कधीच चालली नाही. तिला धोबी लागला, शिंपी लागला, माळी लागला, खानसामा लागला. अशा कष्टकऱ्यांची बिऱ्हाडं मागच्या खोल्यांत आणि बाजाराच्या गल्ल्यांत भाड्याने राहतात. भाड्याच्या खोलीतलं मीटर पुष्कळदा मालकाच्या नावावर असतं आणि दोन-तीन बिऱ्हाडांत मिळून एकच असतं. घोळ इथूनच सुरू होतो.

कर्नाटक सरकारने २०२३ मध्ये ‘गृहज्योती’ योजना आणली. जूनमध्ये अर्ज घेतले, जुलैच्या वापरापासून ती लागू झाली. घरगुती वापराला महिन्याला २०० युनिटांपर्यंत वीज मोफत. या योजनेवर टीका पुष्कळ झाली. फुकटेपणा म्हणाले, तिजोरीवर दरोडा म्हणाले. मला मात्र तिच्यातली एक गोष्ट मनापासून आवडली. सवलत बिलातच वजा होते! हेस्कॉमचा माणूस मीटर बघतो, यंत्रातून कागद काढतो आणि त्यावर शून्य येतं. आधी सगळे पैसे भरा, मग आम्ही तुमच्या बँकेत परत घालू, अशी भानगड नाही. बँक नाही, मोबाइलवरचा आकडा नाही, ‘पैसे पडले का’ म्हणून फेऱ्या नाहीत. अर्ज करताना आधार, सर्व्हर आणि रांग हा त्रास झाला, पण तो एकदाच.

आता तिचे दोष. मोफत युनिटं ठरली ती २०२२-२३ च्या सरासरी वापरात दहा टक्के मिळवून. म्हणजे जो महिन्याला १५० युनिटं जाळत होता त्याला १६५ मोफत, आणि काटकसरीने ६० वर भागवणाऱ्याला ६६. ज्याने पंखा बंद करून रात्री काढल्या त्याचा वाटा कमी! ४८ युनिटांपेक्षा कमी सरासरी असलेल्यांना २०२४ मध्ये दहा टक्क्यांऐवजी सरळ १० युनिटं वाढवून दिली, पण मूळ हिशेब तोच राहिला. दुसरं म्हणजे २०० च्या वर एक युनिट गेलं की पूर्ण बिल अंगावर येतं. एका मीटरवर तीन बिऱ्हाडं असली तर ही रेघ ओलांडायला कितीसा वेळ लागतो? भाडेकरूही योजनेत बसतो, पण त्याच्या खोलीला स्वतंत्र मीटर असेल तर. नसेल तर मालक सांगेल तो दर.

याच्या शेजारी गॅसची गोष्ट ठेवून बघा. अनुदान थेट खात्यात घालण्याचा पहिला प्रयोग जून २०१३ मध्ये सुरू झाला, त्या पहिल्या जिल्ह्यांत आमचा उत्तर गोवाही होता. जानेवारी २०१५ पासून तो देशभर आला. गळती थांबवायची, बनावट जोडण्या शोधायच्या, हे हेतू चांगलेच होते. पण परिणाम काय झाला? पूर्वी सिलिंडर सवलतीच्या किमतीत दारात यायचा. आता पूर्ण किंमत आधी मोजायची आणि अनुदानाची वाट बघायची. पगारदाराला काहीच फरक पडला नाही. रोजंदारीवाल्याला मात्र त्या दिवशी जास्तीचे काही शे रुपये उभे करावे लागले. मे २०२० पासून तर सर्वसाधारण ग्राहकाच्या खात्यात अनुदान पडणंच थांबलं. दारात येणाऱ्या किमतीत एकदम वाढ केली असती तर मोर्चे निघाले असते. खात्यात न पडलेल्या पैशाविरुद्ध मोर्चा कोण काढणार? उज्ज्वलाच्या जोडण्यांना पुढे मे २०२२ मध्ये २०० आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये ३०० रुपये अनुदान ठरलं, तेही मागाहून खात्यातच.

ज्याला मोठा सिलिंडर एकदम झेपत नाही, किंवा ज्याच्याकडे पत्त्याचा कागद नाही, त्याच्यासाठी २०१३ पासून पाच किलोचा सिलिंडर खुल्या बाजारात आला. सोय चांगली. पण घरगुती मोठ्या सिलिंडरवर जीएसटी पाच टक्के आणि या छोट्यावर अठरा! कारण कागदोपत्री तो घरगुती नाही. भाड्याच्या खोलीत त्याच्यावर भातच शिजतो ना? मग घरगुती कसा नाही?

आपल्याकडे इंधन कायम थोडं थोडंच विकत घेतलं गेलं. वखारीतून जळणाची एक मोळी, दुकानातून बाटलीभर रॉकेल, शेणी मोजून. हात आखडता असला तर वाणी वहीत लिहून ठेवायचा. त्यालाही ‘खातं’च म्हणत. फरक एवढाच की वाण्याचं खातं थांबायचं आणि बँकेचं थांबत नाही. निपाणीची विडी वळणारी बाई हजार विड्यांमागे मजुरी मोजते. तिचा पैसा ज्या दिवशी येतो तो कंपनीच्या वसुलीचा दिवस असेलच असं नाही. खात्यातून परस्पर वसुलीला मान्यता दिली आणि त्या दिवशी शिल्लक कमी पडली, तर बिल राहतं ते राहतंच, वर बँकेचा दंड बसतो.

विजेचं महिनाअखेरचं बिल हीसुद्धा एक उधारीच आहे. आधी वापरा, मग भरा. आणि ती फुकटची नाही, कंपनीकडे आपली अनामत आधीच पडून असते. २००३ च्या वीज कायद्याने या उधारीला संरक्षणही दिलं. कलम ५६ प्रमाणे बिल थकलं तरी पंधरा दिवसांची लेखी नोटीस दिल्याशिवाय वीज तोडता येत नाही. प्रीपेड मीटर मात्र ग्राहकाच्या मर्जीवर ठेवलं होतं: जो घ्यायला तयार असेल त्याच्याकडून अनामत मागू नये, एवढंच कलम ४७ म्हणतं. पुढे २०२१ च्या केंद्रीय योजनेत २५ कोटी प्रीपेड स्मार्ट मीटर बसवायचं ठरलं. शिल्लक संपली की मीटर स्वतःच अंधार करणार. मग पंधरा दिवसांची नोटीस कुठे गेली? महाराष्ट्रात लोक रस्त्यावर आले, तेव्हा जून २०२४ मध्ये सामान्य ग्राहकांना प्रीपेड मीटर लावणार नाही असं सरकारला जाहीर करावं लागलं.

रोखीवरही अशीच गदा आली. केंद्राच्या डिसेंबर २०२० च्या ग्राहक हक्कांच्या नियमांत (हो, हक्कांच्याच!) एक हजार रुपयांहून जास्त, किंवा राज्याचा आयोग ठरवेल त्याहून जास्त बिल ऑनलाइनच भरावं असं कलम आहे. महावितरणने १ ऑगस्ट २०२३ पासून घरगुती ग्राहकाकडून महिन्याला ५,००० रुपयांच्या वर रोख घेणं बंद केलं. शिवाय ऑनलाइन भरणाऱ्याला पाव टक्का सूट. रक्कम किरकोळ, पण दिशा ओळखा. जो खातं दाखवतो त्याला बक्षीस, जो नोटा मोजतो त्याला नाही.

ही दिशा कुठे जाते ते पाहायचं तर इंग्लंडकडे बघा. स्विंडनला आमची हजारो गोंयकार माणसं आहेत. तिथे खात्यातून परस्पर पैसे कापू देणाऱ्याला वीज स्वस्त आणि बिल हातात आल्यावर भरणाऱ्याला महाग, हे सरळ छापील दरपत्रकात असतं. प्रीपेड मीटरवाले तर वर्षानुवर्षं जास्त मोजत होते. २०२३ च्या सुरुवातीला थकबाकीदारांच्या घरात कोर्टाचं वॉरंट घेऊन शिरून अशी मीटरं बसवल्याचं उघडकीला आलं आणि गहजब झाला. प्रीपेडवाल्यांचा स्थिर आकार इतरांच्या बरोबरीला यायला एप्रिल २०२४ उजाडावा लागला. श्रीमंत देशाला जे इतक्या उशिरा उमगलं, ते आपण मुद्दाम पहिल्यापासून करून बघायचं?

आता कोणी म्हणेल, अहो, भाजीवालीसुद्धा मोबाइलवर पैसे घेते, तुम्ही कुठल्या काळात आहात? मोबाइलशी माझं भांडण नाही. भाजीवाली आपल्या मर्जीने, आपल्या वेळेला, समोर उभं राहून पैसे घेते. कोणी तिच्या खात्यात हात घालत नाही. खिडकीवर माणूस बसवणं कंपनीला महाग पडतं, हेही खरं. पण कॅम्पातल्या एखाद्या मराठी आजीला कानडीतलं बिल वाचून ‘आजी, या महिन्यात शून्य आहे’ किंवा ‘हे जास्त आलंय, अर्ज करा’ असं सांगणारा तोच तर एक माणूस असतो. तो खर्च वाचवून आपण नेमकं कोणाला वाचवतो?

मागण्या मोठ्या नाहीत. सवलत द्यायची ती बिलात किंवा सिलिंडरच्या किमतीतच द्या. रोखीची खिडकी उघडी ठेवा आणि बिल दोन हप्त्यांत भरू द्या. एका मीटरवरच्या भाडेकरूंना वेगळं मीटर मिळण्याचा रस्ता सोपा करा. पाच किलोच्या सिलिंडरवर घरगुती कर लावा. प्रीपेड ज्याला हवं त्यालाच द्या. यातल्या एकाही गोष्टीसाठी नवं धरण बांधावं लागत नाही की नवी खाण खणावी लागत नाही. गरिबाचा पैसा हा दुय्यम दर्जाचा पैसा नाही, एवढं मान्य केलं तरी पुरे.