पाळण्यातले पाय आणि निवड चाचणी

‘मुलाचे पाय पाळण्यात दिसतात’ ही म्हण आपण इतक्या सहज वापरतो की ती खरी आहे का, हे तपासायचे राहूनच जाते. खेळाच्या मैदानावर तर ती नियमासारखी चालते. सत्र सुरू झाले की एका सकाळी निवड चाचणी होते. शंभर मीटर धाव, लांब उडी, गोळाफेक आणि हॉकी किंवा फुटबॉलचा अर्ध्या तासाचा सामना. संध्याकाळी फलकावर यादी लागते. यादीतल्या मुलांना प्रशिक्षकांचा वेळ मिळतो, बाहेरगावचे सामने मिळतात. बाकीचे टाळ्या वाजवायला मोकळे. पुढच्या वर्षीच्या यादीतही बहुतेक तीच नावे असतात.

माझे म्हणणे असे, की अशा चाचणीतून आज कोण पुढे आहे हे कळते, उद्या कोण पुढे जाईल हे कळत नाही. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि आपण त्या एकच समजतो.

पहिले कारण वयाचे. सैनिकी शाळांत सहावीच्या प्रवेशासाठी ३१ मार्चला वय १० ते १२ वर्षे असावे लागते. म्हणजे एकाच वर्गात, एकाच रेषेवर उभ्या असलेल्या दोन मुलांत जवळजवळ दोन वर्षांचे अंतर असू शकते. त्या वयात दोन वर्षे म्हणजे केवढी! एकाला मिसरूड फुटू लागलेले असते, दुसऱ्याचा आवाजही फुटलेला नसतो. मोठा मुलगा जिंकतो आणि आपण म्हणतो, याच्यात गुण आहे. पुष्कळदा त्याच्यात फक्त दोन वर्षे जास्त असतात. पण एकदा निवड झाली की सराव त्यालाच मिळतो आणि काही वर्षांनी तो खरोखरच पुढे गेलेला दिसतो. कॅनडात १९८५ साली रॉजर बार्न्सली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आइस हॉकीच्या निवडक खेळाडूंच्या जन्मतारखा पाहिल्या. तिथे वयोगट १ जानेवारीपासून मोजतात. निवडलेल्यांत जानेवारी ते मार्चमध्ये जन्मलेल्यांची संख्या फार मोठी निघाली. वर्षअखेरीस जन्मलेली मुले जन्मतःच कमी गुणी होती, असे कोण म्हणेल?

दुसरे कारण असे, की काही गुण उशिरा उघडतात. रांझीच्या रस्त्यांवर पहाटे भरतीची तयारी करणारी मुले धावताना दिसतात. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातील मांडवा गावचा अविनाश साबळे असाच एक मुलगा. बारावीनंतर तो ५ महार पलटणीत जवान म्हणून भरती झाला. महार रेजिमेंटचे केंद्र आपल्याच राज्यात, सागरला आहे. सियाचीनची थंडी, राजस्थानचे वाळवंट, मग सिक्कीम अशी त्याची नोकरी चालली होती. २०१५ मध्ये तो सैन्याच्या क्रॉस कंट्री स्पर्धांत धावू लागला. तेव्हा तो विशीत होता. प्रशिक्षक अमरीश कुमार यांनी त्याला ३००० मीटर स्टीपलचेसकडे वळवले. २०१८ मध्ये भुवनेश्वरला त्याने गोपाल सैनी यांचा १९८१ पासूनचा राष्ट्रीय विक्रम मोडला. २०२२ मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य, तेही सुवर्णापासून फक्त ०.०५ सेकंद दूर. २०२३ मध्ये हांगचौच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण. आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये या शर्यतीची अंतिम फेरी गाठणारा पहिला भारतीय पुरुष. शाळेतल्या एखाद्या यादीवरून त्याचे भविष्य ठरले असते तर?

ध्यानचंद यांचेही तसेच. १९२२ साली ते सैन्यात शिपाई झाले. त्याआधी सांगण्यासारखी हॉकी खेळल्याचे आपल्याला आठवत नाही, असे त्यांनी स्वतःच आत्मचरित्रात म्हटले आहे. पलटणीतल्या सुभेदार मेजर बाले तिवारी यांनी त्यांना खेळाची गोडी लावली. पुढे १९२८, १९३२ आणि १९३६ अशी तीन ऑलिम्पिक सुवर्णपदके आली. त्यांचे धाकटे बंधू रूपसिंग यांचा जन्म आपल्या जबलपूरचा, हेही इथे आठवावे.

कोणी म्हणेल, आपल्याकडे साधने कमी, म्हणून पारख चुकते. अमेरिकेत साधनांना तोटा नाही. तिथल्या फुटबॉलमध्ये चेंडू हातात घेऊन डाव ठरवणाऱ्या खेळाडूला क्वार्टरबॅक म्हणतात. महाविद्यालयीन खेळाडूंमधून व्यावसायिक संघ दरवर्षी क्रमाने निवड करतात. त्याआधी धाव, उडी, उंची, हाताचा पंजा, सगळे मोजले जाते. १९९८ मध्ये रायन लीफ हा क्वार्टरबॅक दुसऱ्या क्रमांकावर निवडला गेला. चार हंगामांत त्याची कारकीर्द संपली. २००० मध्ये मिशिगन विद्यापीठाचा टॉम ब्रेडी १९९ व्या क्रमांकापर्यंत थांबला. त्याच्याआधी सहा क्वार्टरबॅक निवडले गेले होते. चाळीस यार्ड धावायला त्याला पाच सेकंदांहून जास्त लागले, म्हणजे तो संथच होता. त्याने पुढे सात वेळा सुपर बोल जिंकला. अंगावर धावून येणारे प्रतिस्पर्धी दिसत असताना दोन-तीन क्षणांत योग्य निर्णय घेणे आणि चुकल्यावर पुढच्या डावात शांत राहणे हे त्या जागेचे खरे काम. ते कोणत्याही घड्याळात मावले नाही.

मग पारख करायचीच नाही का? करायची, पण तिची पद्धत आपल्या ओळखीची आहे. आपल्यातल्या बहुतेकांना ज्या एसएसबीला जायचे आहे, ती हेच काम करते. तिथे पाच दिवस लागतात. मानसशास्त्रज्ञ, गट चाचणी अधिकारी आणि मुलाखत घेणारे अधिकारी एकाच उमेदवाराला वेगवेगळ्या बाजूंनी पाहतात आणि शेवटच्या दिवशी एकत्र बसतात. मनसा, वाचा, कर्मणा हे त्याचे सूत्र. उमेदवार आज अधिकारी आहे का, हे तिथे कोणी विचारत नाही. प्रशिक्षण दिल्यावर तो अधिकारी होऊ शकेल का, हे पाहतात. अधिकारी निवडताना आपण पाच दिवस देतो आणि खेळाडू निवडताना एक सकाळ, हे मला पटत नाही.

यावर एक आक्षेप खरा आहे. घड्याळ पक्षपात करत नाही. ‘गुण दिसतात’ असे म्हणून आवडत्या मुलाला आत घेण्याची वाट त्यामुळे बंद होते. आंतरशालेय स्पर्धेची तारीखही कोणासाठी थांबत नाही. म्हणून घड्याळ काढून टाका, असे मी म्हणत नाही. त्याचा उपयोग एकदा न करता तीनदा करा. वेळेच्या शेजारी मुलाचे वय वर्षे आणि महिन्यांत लिहा. तीन महिन्यांनी सगळ्यांची, म्हणजे न निवडलेल्यांचीही, पुन्हा चाचणी घ्या आणि कोण किती सुधारला ते पाहा. एखादे नवे कौशल्य, समजा हॉकीतला उलटा फटका, सर्वांना शिकवा आणि कोण किती दिवसांत शिकतो याची नोंद ठेवा. दोन शिक्षकांनी आपापले मत वेगळे लिहावे, मग एकमेकांना दाखवावे. सामना हरल्यावर दुसऱ्या दिवशी सरावाला वेळेवर कोण येतो, हेही लिहावे. आणि प्रत्येक कनिष्ठ संघात दोन जागा वयाने लहान, पण झपाट्याने सुधारणाऱ्या मुलांसाठी राखाव्यात. या सगळ्याला खर्च लागतो तो एका वहीचा.

अशाने प्रत्येक वर्गातून साबळे निघणार नाहीत, हे मलाही कळते. पण सातवीत ज्याला ‘तुझे काम नाही’ असे सांगितले जाते, तो मैदानाकडे फिरकतच नाही. त्याचे पुढे काय झाले असते, हे मग कोणालाच कळत नाही. चुकून निवडलेला मुलगा वर्षभरात उघडा पडतो. चुकून वगळलेला कधीच दिसत नाही. म्हणून वगळताना जास्त काळजी हवी.

तेव्हा मित्रांनो, यंदाच्या यादीत तुमचे नाव नसेल तर आजची आपली वेळ वहीत लिहून ठेवा आणि तीन महिन्यांनी पुन्हा धावा. नाव असेल तर शेजारच्या मुलाचे वय विचारा. तो तुमच्यापेक्षा दीड वर्षाने लहान असून तुमच्या मागे फक्त दोन पावले असेल, तर खरा वेगवान कोण, याचा विचार तुम्हीच करा.