राजीनाम्याचे सुतक

माणसाचे खरे गुण तो गेल्यावर कळतात आणि साहेबाचे खरे गुण आपण जातो म्हटल्यावर. घरात माणूस गेला तर सुतक दहा दिवसांचे. कचेरीत माणसाने राजीनामा दिला, की ते चांगले तीस दिवस चालते. काही ठिकाणी नव्वद. फरक इतकाच, की इथे जाणारा धडधाकट असतो आणि सुतकही त्यालाच पाळावे लागते.

बँकेत चिकटण्यापूर्वी मी एका खासगी कंपनीत दोन वर्षे हिशेब लिहीत होतो. २००४ साली बँकेचे पत्र आले आणि मी करारात लिहिल्याप्रमाणे एक महिन्याची नोटीस दिली. दुसऱ्या दिवसापासून साहेबांना माझा नमस्कार दिसेनासा झाला. तिसऱ्या दिवशी माझी हातांची खुर्ची जाऊन बिनहातांची आली. आठवड्याने टेबल मुतारीच्या भिंतीला लागले. मग, "जाणारच आहात ना? एवढं करून जा," म्हणून सात वर्षांच्या खात्यांचा मेळ माझ्यापुढे आदळण्यात आला. त्यातली पहिली पाच वर्षे मी कंपनीत नव्हतोच, कॉलेजात होतो; तरी त्या काळातल्या चुकाही माझ्याच नावे पडल्या. चहावाला पोऱ्या तेवढा पूर्वीसारखाच चहा देई. फक्त आता रोख मागे.

शेवटचा पगार तीन महिन्यांनी मिळाला, तोही एका स्टेपलरची किंमत वजा करून. फंडाच्या अर्जावर कंपनीची सही लागे, तिच्यासाठी सहा खेटे घातले. अनुभवाच्या दाखल्यात मजकूर एवढाच, की 'हे गृहस्थ येथे होते.' भिंतीवरच्या पालीलासुद्धा याहून बरा दाखला मिळाला असता!

आता तुम्ही म्हणाल, "अहो, साहेबांचं मन दुखावलं असेल. माया असते!" असेल बुवा. पण ती माया मी पगारवाढ मागायला गेलो त्या दिवशी बहुधा रजेवर होती. त्या दिवशी साहेब म्हणाले होते, "परवडत नसेल तर दुसरीकडे बघा." मी बघितले. यात माझा गुन्हा कोणता?

दुसरा युक्तिवाद अडचणीचा. माणूस गेला की काम अडते. कबूल. पण नोटीस असते ती त्यासाठीच. ती मालकाच्याच सोयीची आहे. दुसरा माणूस बघा, काम समजून घ्या, किल्ल्या मोजून घ्या, यासाठी दिलेली ती मुदत आहे. तीत टेबल मुतारीकडे सरकवल्याने नवा माणूस लवकर मिळतो, असे निदान मला तरी कोणी शिकवले नाही.

गंमत अशी, की एके सकाळी न सांगता जो गायब होतो, त्याची खुर्ची कोणी काढून घेऊ शकत नाही. छळ होतो तो सांगून, मुदत देऊन, किल्ल्या हातात ठेवून जाणाऱ्याचा. म्हणजे शिक्षा होते ती सरळपणाला. आणि उरलेले दहाबारा जण खाली मान घालून हे सगळे बघत असतात. ते यातून काय शिकतात? आपली वेळ आली की सांगायचे नाही. मग तेच साहेब म्हणतात, "हल्लीची मुलं बेजबाबदार!"

हा रोग जुना आहे. १८५९ च्या एका कायद्याने, उचल घेऊन काम सोडणाऱ्या कामगाराला तीन महिन्यांपर्यंत तुरुंगात धाडता येई. तो कायदा इंग्रजांनीच पुढे रद्द केला. साहेबांच्या मनातून तो अजून रद्द व्हायचा आहे. १९३६ च्या वेतन प्रदान कायद्यात आणखी मौज होती. मालकाने काढून टाकलेल्याचा पगार दुसऱ्या कामाच्या दिवसाअखेर चुकता करायचा. आपण होऊन जाणाऱ्याचे त्या कलमात नावच नव्हते. हाकललेल्याला दोन दिवस आणि मान राखून निघालेल्याला खेटे! २०१९ च्या वेतन संहितेने राजीनामा देणारालाही त्याच दोन दिवसांच्या रांगेत बसवले आणि ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ ला लागू झाली. एवढी साधी गोष्ट कायद्याला सुचायला ऐंशीहून अधिक वर्षे लागली. कचेऱ्यांना किती लागतात ते बघायचे.

बँकेतल्या कारकुनांच्या वागणुकीबद्दल तुमची मते मला ठाऊक आहेत. तरीही सांगतो. आमच्याकडे गिऱ्हाईक मुदतीआधी ठेव मोडायला येते, तेव्हा आम्ही पेढे वाटत नाही. पण दंड किती ते आधीच ठरलेले असते. तो कापून त्या दिवसापर्यंतचे व्याज मोजतो आणि पैसे देतो. "आम्ही तुमच्यासाठी काय कमी केलं?" असे विचारत गिऱ्हाइकाला महिनाभर खिडकीपाशी उभे करत नाही.

नोकरी ही काही सात जन्मांची गाठ नव्हे. ते एक खाते आहे. एकाने श्रम भरले, दुसऱ्याने पगार दिला. खाते बंद करायला कोणी आला, तर शिल्लक मोजून द्यावी, सही घ्यावी आणि जमल्यास कपभर चहा पाजावा. चहाचे पैसे हवे तर त्याच्याकडून रोख घ्या. पण पगार दोन दिवसांत द्या.